'काटक' म्हणजे कशाला काटक? मेहरूणच्या बोराबद्दलचं एक वाक्य

बोरावरचा कुठलाही सिनॉप्सिस उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर साधारण या धर्तीचं एक वाक्य भेटतं: मेहरूण ही जळगाव भागातली बोराची देशी, पारंपरिक आणि काटक जात आहे. शेतीच्या पुरवण्यांत, रोपवाटिकेच्या माहितीपत्रकात, प्रबंधाच्या प्रस्तावनेतही थोड्याफार फरकाने हेच. शब्दांचा क्रम बदलतो, कधी 'काटक'च्या जागी 'कणखर' येतं, कधी 'प्रतिकूल हवामानाला तोंड देणारी' अशी लांबण लावलेली असते. वाक्य इतकं ओळखीचं झालंय की त्याच्यापुढे संदर्भ दिलाय की नाही हेही आपण बघत नाही.

तुमच्यापैकी जे पेट देऊन बसलेत, ज्यांचा गाइड ठरतोय आणि ज्यांना विषय 'आपल्या मातीतला' हवाय, त्यांच्यासाठी आज या एकाच वाक्याची चिरफाड करू. फळाबद्दल माझी काही तक्रार नाही. संक्रांतीच्या सुगडात, भोगीच्या भाजीत, लेकरांच्या बोरन्हाणात बोर नसलं तर आपल्याकडे जानेवारी आल्यासारखाच वाटत नाही. तक्रार आहे ती वाक्याबद्दल. त्यात एकूण चार दावे आहेत: ही 'जात' आहे, ती 'देशी' आहे, 'पारंपरिक' आहे आणि 'काटक' आहे. चारही दाव्यांना वेगवेगळा पुरावा लागतो, आणि बहुतेक वेळा एकाचाही दिलेला नसतो.

'काटक'पासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

अमेरिकेत ब्लॅकबेरीची जुनी, घरंदाज वाणं विकणाऱ्या नर्सऱ्या आहेत. थंड प्रदेशातल्या गिऱ्हाइकाला त्या 'हार्डी' म्हणून झुडूप विकतात, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ आधीच ठरलेला असतो. हार्डी म्हणजे थंडीला हार्डी. शिवाय पुढे झोनचा आकडा असतो. अमेरिकी कृषी खात्याने १९६० मध्ये हा झोनचा नकाशा काढला. दरवर्षीच्या हिवाळ्यात पारा सगळ्यात खाली कुठे गेला, त्याची अनेक वर्षांची सरासरी घ्यायची आणि १० अंश फॅरनहाइटच्या पट्ट्या पाडायच्या, अशी त्याची रीत. आकडा परिपूर्ण नाही. थंडी किती दिवस टिकली, जमिनीवर बर्फाचं पांघरूण होतं का, हे तो सांगत नाही. पण तो खोटा ठरू शकतो. झोन ५ लिहून विकलेलं झुडूप झोन ५ च्या नेहमीच्या हिवाळ्यात मेलं, तर विकणाऱ्याला जाब विचारता येतो. आपल्या 'काटक'ला असा जाब विचारता येत नाही, कारण त्याने काही कबूलच केलेलं नसतं.

ब्लॅकबेरीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण वरची काडी दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. (पहिल्याच वर्षीच्या काडीवर फळणारी नवी वाणं आहेत, ती तूर्त सोडा.) म्हणजे कडक हिवाळ्यात मूळ जगलं आणि काडी मेली, तर वसंतात झुडूप पुन्हा हिरवंगार होतं आणि त्या वर्षी फळ देत नाही. झुडूप काटक आहे का? जगण्याच्या हिशेबाने आहे. टोपलीच्या हिशेबाने नाही. म्हणून तिकडचे अभ्यासक झाड जगलं-मेलं एवढ्यावर थांबत नाहीत. काड्या कापून आणतात, प्रयोगशाळेत टप्प्याटप्प्याने थंड करतात आणि कुठल्या तापमानाला निम्मे डोळे मरतात ते काढतात.

आता आपल्या बोराकडे या. बोरीची रीत नेमकी उलटी. फळ येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. म्हणून तर आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बोरीची जबर छाटणी करतात. त्या वेळी झाड पानगळ होऊन निजलेलं असतं. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि बोरीला त्याचं काही सोयरसुतक नसतं, कारण पाणी उडवायला अंगावर पानंच नसतात. पावसाबरोबर नवी फूट, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलं, जमिनीत उरलेल्या ओलीवर फळ पोसायचं आणि थंडीत पिकवायचं. सगळा संसार उन्हाळ्याच्या आत आटपलेला.

याला नुसतं 'दुष्काळाला काटक' म्हणणं म्हणजे अर्धवट वाचन. वनस्पतीशास्त्रात अवर्षणाशी वागायचे ढोबळ तीन मार्ग सांगतात. एक, दुष्काळ येण्याआधी काम उरकून घेणं. दोन, पानं गाळून किंवा मूळ खोल नेऊन अंगातलं पाणी टिकवणं. तीन, अंगातलं पाणी कमी झालं तरी पेशींचं काम चालू ठेवणं. बोर पहिल्या दोन मार्गांवर फार हुशार आहे. तिसऱ्यावर किती, हे मोजावं लागतं, आणि त्याला पानातला पाण्याचा दाब पहाटे मोजण्यासारखी मापं लागतात. 'मे महिन्यात झाड जगलं' हे निरीक्षण पहिल्या दोन मार्गांबद्दल बोलतं. त्यावरून तिसऱ्याबद्दल निष्कर्ष काढलेला दिसला, की तिथे लाल पेनने गोल करा.

त्यातही हा गुण मेहरूणचा आहे की बोरीचा? मे महिन्यात उमराणची झाडंही जगतात, कडाकाचीही जगतात, बांधावरची बेवारस बोरसुद्धा जगते. सगळ्याच बोरी काटक असतील, तर 'मेहरूण काटक आहे' हे वाक्य मेहरूणबद्दल काहीच सांगत नाही. ते झिझिफस मॉरिशियाना या प्रजातीबद्दल सांगतं. जातीचा गुण म्हणायचा तर शेजारी, त्याच मातीत, त्याच वयाची, त्याच छाटणीची दुसरी जात उभी हवी. सिनॉप्सिसमध्ये 'कंट्रोल' या शब्दापुढे नुसतं 'लोकल' लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबून विचारा, लोकल म्हणजे कोण?

अजून एक पेच आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बागेतलं बोरीचं झाड म्हणजे दोन झाडं. खाली बियाणं टाकून आलेला खुंट, वर डोळा भरलेली जात. पाणी शोधायचं काम खालच्याचं, फळ द्यायचं वरच्याचं. खुंट रानबोराच्या बियांपासून आलेला असेल, तर प्रत्येक झाडाखाली वेगळा भिडू. त्यातच लागवडीची पद्धत. बी जागेवरच टोकून, खुंट तिथेच वाढवून, त्यावर डोळा भरला तर सोटमूळ सरळ खाली जातं. छोट्या पिशवीत फार दिवस ठेवलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं किंवा लावताना तुटतं. मग दोन शेतांतली 'मेहरूण' दुष्काळात वेगळी वागली, तर फरक जातीचा, खुंटाचा की पिशवीचा? हे तीन वेगळे काढल्याशिवाय 'काटक' हे विशेषण कुणाच्या गळ्यात घालायचं ते ठरत नाही. कोरडवाहू फळझाडांवर काम करणाऱ्या जोधपूरच्या काझरीसारख्या संस्थांनी बोराचं रोप कसं वाढवायचं यावर एवढा वेळ घातला, तो काही हौस म्हणून नाही.

आणि थंडी? खानदेशात थंडीची चर्चा होते ती केळीसाठी. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर आला की बातमी होते, केळीवाला धास्तावतो. बोराबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते 'काटक'. पण उत्तरेत, हरियाणा-राजस्थानच्या बाजूला, दवं गोठून बोराची फळं खराब होतात हे तिथल्या बागायतदाराला चांगलं माहीत आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांना हसणारं हे झाड शून्याच्या आसपास हळवं आहे. कारणही उघड आहे. उन्हाळा ते झोपून काढतं, थंडीत मात्र त्याच्या अंगावर कोवळी फळं असतात.

इथे एक खड्डा आहे, त्यात तुम्ही पडू नये म्हणून सविस्तर सांगतो. इंटरनेटवर 'जुजुब' आणि 'थंडी' असं शोधलंत तर उणे वीस अंशांच्याही खाली तग धरणाऱ्या झाडाची माहिती मिळेल. शास्त्रीय नाव दिसेल झिझिफस जुजुबा. मग तुम्ही जुनी फ्लोरा काढाल, म्हणजे थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची, १९०१ ते १९०८ मध्ये आलेली. तिथेही आपल्या बोराला झिझिफस जुजुबा म्हटलेलं दिसेल. दोन आणि दोन चार करून तुम्ही लिहाल की बोर कडाक्याच्या थंडीलाही काटक आहे.

झालं! दोन्ही झाडं वेगळी आहेत. आज झिझिफस जुजुबा हे नाव चिनी बोराचं, ज्याला खजूरबोर म्हणता येईल त्याचं. ते मिलरने १७६८ मध्ये दिलं. आपलं बोर म्हणजे लामार्कचं झिझिफस मॉरिशियाना, १७८९ चं. पण लामार्कने 'जुजुबा' हेही नाव वापरलं होतं, आपल्या बोरासाठी, आणि जुन्या भारतीय ग्रंथांनी तेच उचललं. एकच नाव, दोन लेखक, दोन झाडं. म्हणून नावापुढचं ते 'मिल.' किंवा 'लाम.' शोभेसाठी नसतं. गुणसूत्रंही जुळत नाहीत. चिनी बोरात साधारण २४, आपल्या लागवडीच्या बोरात बहुधा ४८. जुन्या पुस्तकांत स्पेलिंगसुद्धा 'वाय' घालून केलेलं सापडतं, त्यामुळे शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका, नाहीतर निम्मं साहित्य हातून जाईल.

'देशी'वर फार वेळ घालवत नाही. हा शब्द बाजारात 'परदेशी नाही' एवढ्याच अर्थाने चालतो. गेल्या काही वर्षांत थाई 'ॲपल बोर' आलं, मोठं, हिरवं, पेरूसारखं दिसणारं, आणि त्याच्या उलट ते 'देशी' असं ठरलं. पण ॲपल बोराचा सफरचंदाशी संबंध नाही. तेही बोरच. आणि प्रबंधात 'देशी' हा वर्ग टाकून पाच जाती त्यात कोंबल्या, तर तो वर्ग जातींचा नसतो, बाजारभावाचा असतो.

'पारंपरिक'चं मात्र बघावं लागेल. इंग्रजीतल्या 'हेअरलूम'चं हे आपण केलेलं भाषांतर. तिकडे तो शब्द मुख्यतः बियाण्यासाठी रुळला: आजीने वांग्याचं, टोमॅटोचं बी राखलं, आईला दिलं, दरवर्षी पेरलं आणि तेच फळ आलं. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला हे लागू पडेल, कारण वांगं बऱ्याच अंशी स्वतःच्याच परागावर फळतं आणि बी राखणारी बाई निवडही करते. बोराचं तसं नाही. बोराच्या अनेक जाती स्वतःच्या परागाने फळ धरतच नाहीत. माशा-मधमाश्या शेजारच्या झाडाचा पराग आणतात. त्यामुळे उत्तम मेहरूण बोर खाल्लंत आणि आठोळी परसात पेरलीत, तर येणारं झाड मेहरूण नसतं. मेहरूणचं लेकरू असतं, बाप कोण ते माहीत नाही. जात तीच ठेवायची तर डोळा भरूनच.

इथून आपण शेवटच्या, म्हणजे 'जात' या दाव्यावर येतो. मेहरूण हे मुळात गाव. आता ते जळगाव शहरात मिसळलंय, तलावामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गावची बोरं प्रसिद्ध झाली, म्हणून बोराला गावाचं नाव. आणि महाराष्ट्रातल्या बोराच्या जातींची यादी केली की उमराण, कडाका यांच्याबरोबर मेहरूण येते. म्हणजे एकाच शब्दाखाली तीन गोष्टी आहेत: एका ठिकाणाहून आलेलं फळ, गाडीवर हाळी देऊन विकायचं नाव, आणि डोळे भरून वाढवलेली एक जात. लागवडीच्या वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ पासून आहे, तिला यातली फक्त तिसरी गोष्ट मान्य आहे. अभ्यासकाने बाजारातून दोन किलो 'मेहरूण' आणून त्यातलं क जीवनसत्त्व मोजलं, तर त्याने पहिली किंवा दुसरी गोष्ट मोजली. शीर्षकात मात्र तिसरी लिहिली.

जातींच्या वर्णनाच्या त्या जुन्या याद्यांवर मी टीका करत नाहीये, हे लक्षात घ्या. फळाचा आकार, साल, गोडी, हंगाम, कुठल्या भागात चालते, अशा दोन-तीन ओळी रोपवाटिकेवाल्याला आणि शेतकऱ्याला पुरेशा होत्या आणि त्यांनी आपलं काम केलं. गडबड होते ती त्या ओळी उचलून संशोधनाचं गृहीतक म्हणून मांडल्या जातात तेव्हा. ज्याची परीक्षा घ्यायची तेच उत्तर म्हणून पहिल्या पानावर.

निकालाच्या तक्त्याकडेही असंच बघायला शिका. टीएसएस १४ आणि १६ ब्रिक्स, म्हणून ही जात जास्त गोड. फळ कुठल्या दिवशी तोडलं? बोर हिरवं, पिवळसर आणि तांबूस होईपर्यंत रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा सरकत राहतो. रंग ठरवून तोडलं नसेल, तर तुम्ही दोन जाती मोजल्या नाहीत, दोन तोडण्या मोजल्या. आणि 'एन बरोबर ३०' असेल, तर तीस झाडं की एका झाडाची तीस बोरं? एका झाडाची तीस बोरं म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने एकच नमुना, तीसदा चाखलेला. व्हायव्हात यावरच पकडतात.

यावर हल्ली तयार उत्तर मिळतं: मार्कर लावा, डीएनए बोलेल. एसएसआर मार्कर उपयोगी आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण चार संच गुणसूत्रं असलेल्या झाडात एका जागी चार रूपं असू शकतात, जेलवर पट्टी दिसते पण ती किती मात्रेत आहे ते सहज कळत नाही. आणि मुख्य म्हणजे डीएनए कुणाशी जुळवायचा? 'हीच ती मेहरूण' असं म्हणता येईल असं मातृवृक्ष आधी लागतं. ते ठरवणं लॅबमध्ये होत नाही.

हे सगळं शब्दांचं भांडण वाटेल. पण जळगाव शहर मेहरूणच्या बाजूला वाढत गेलं, शेताचे प्लॉट पडले, आणि बागेत ॲपल बोर, उमराण आली. फळ मोठं, वजन भरतं, त्यात शेतकऱ्याची काही चूक नाही. जुनी झाडं उभी आहेत तोवर त्यांची ओळख पक्की करता येते. ती गेली की उरतं ते नाव, आणि नावाखाली काहीही विकता येतं. भौगोलिक मानांकनानेही हे सुटत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, पण आज जिल्ह्यात जिकडेतिकडे दिसणारी ग्रँड नैन काही खानदेशात जन्मलेली नाही. मानांकन प्रदेशाला असतं. जात नोंदवायची वाट वेगळी, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याची. त्यात 'शेतकऱ्यांचं वाण' नोंदवायची सोय आहे. पण तिथे पहिला प्रश्न हाच की हे वाण दुसऱ्यांपासून वेगळं कसं ओळखायचं. 'काटक, देशी, पारंपरिक' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

तर यावर काम करायचं असेल, आणि करावं असं मला मनापासून वाटतं, तर पहिलं वर्ष लॅबमध्ये घालवू नका. मेहरूण, शिरसोली, पुढे धुळ्याच्या बाजूला जिथे जिथे या नावाने झाड दाखवतील तिथे जा. जीपीएसची नोंद, पानाफुलासकट हर्बेरियमचा नमुना, फुलांची तारीख, फळांचे रंग ठरवून फोटो. फुलं सकाळी उमलतात की दुपारी हेही लिहा. बोराच्या जातींचे त्यावरून दोन गट पडतात, आणि त्याला पैसा लागत नाही.

झाडाच्या मालकाला मात्र जातीचं नाव आधी सुचवू नका. 'भाऊ, हे मेहरूण आहे ना?' असं विचारलंत तर उत्तर 'हो' येणारच, दारात आलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं? विचारा, हे बी टाकून आलंय की डोळा भरलाय? डोळा कुणाच्या झाडाचा, आणि भरला कुणी? मग त्या झाडाकडे जा, तिथेही हेच विचारा. दोन-तीन पायऱ्या मागे गेलात तरी नकाशावर रेषा दिसायला लागतात. आणि नमुना घेताना बुंध्याशी वाका. डोळा भरलेल्या झाडाला खाली सांधा असतो, वरची आणि खालची साल बरेचदा वेगळी दिसते. सांध्याच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा असतो. तोही जोमाने वाढतो, त्यालाही बोरं लागतात आणि ती त्याच अंगणात पडतात. ती तुमच्या पिशवीत जाऊ देऊ नका.